तिरकं पातं

रेझां घर सोडून गेला तेव्हा पिकअप घेऊन गेला, पण पिकअपच्या तोंडाला लावायचं बर्फ सारायचं पातं गोठ्यामागे गवतात टाकून गेला. पोर्टलंडला समुद्राकाठी फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला पात्याचं काय काम? उन्हाळाभर त्याच्याभोवती गवत माजलं. कोंबड्या त्याच्या सावलीत बसू लागल्या. ओनेझीम सीर रोज सकाळी तिथून जायचा आणि मान दुसरीकडे वळवायचा.

पातं दिसलं की त्याला मुलगा आठवायचा, आणि मुलगा आठवला की सून. सून तर कुठेच गेली नव्हती. नदीकाठच्या हमरस्त्यावरून जी गल्ली टेकाड चढून वर येते, तिच्या टोकाला दोनच घरं. वरचं ओनेझीमचं, आणि त्याच्या खालच्या अंगाला रेझांने लग्नानंतर बांधलेलं. कोर्टात घटस्फोटाचे कागद झाले, खालचं घर नादीनच्या वाट्याला आलं, आणि ती तिथेच राहिली. शाळेची बस चालवायची तिची नोकरी. पहाटे अंधारात निघायची, दुपारी यायची.

लग्न झाल्यापासून ती ओनेझीमला 'पपा' म्हणत आली होती. कागद झाल्यावर ते बंद झालं. त्याच्या जागी दुसरं काही आलंही नाही. "अंडी उरली आहेत का, असं विचारायचं होतं," असं ती दारात उभी राहून भिंतीला सांगितल्यासारखं बोलायची. ओनेझीमही मग, "बघायला हवं," असं चुलीला सांगायचा. काय म्हणून हाक मारावी हे सुचत नाही तेव्हा माणूस कानामागची पेन्सिल शोधल्यासारखं करतो, तसं दोघांचं चाललं होतं.

आल्देआला, म्हणजे ओनेझीमच्या बायकोला, असली अडचण नव्हती. "कागद तुझे आणि रेझांचे झाले," तिने नादीनला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. "माझी सही कुणी घेतली नाही. रविवारी जेवायला ये."

बटाटे काढायची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरू लागली होती. अशाच एका रविवारी नादीन जेवायला आली ती चेहरा पाडून. आल्देआ तव्यावर कुट्टूच्या पिठाचे प्लॉय घालत होती. एकाच बाजूने भाजायचे, वरती भोकं पडली की उतरवायचे, लोणी लावून गुंडाळायचे.

"गल्लीतला बर्फ सारायला त्या ट्रकवाल्याला विचारलं," नादीन म्हणाली. "नाही म्हणाला. एका बाजूला ओढा, एका बाजूला दगडी बांध, त्या वळणावर माझा ट्रक ओढ्यात जाईल, म्हणाला. म्हणजे गाडी खाली हमरस्त्यावर ठेवायची आणि चालत यायचं-जायचं. होईल तसं."

"चालत?" आल्देआने उलथनं हवेतच धरलं. "जानेवारीत? कमरेएवढ्या बर्फातून? पहाटे? आणि तुझ्या बसमधली मुलं काय शाळेला घोड्यावरून जाणार?" मग ती नवऱ्याकडे वळली. "आणि तू खातोस काय नुसता? शेडमध्ये तुझा तो लाडका ट्रॅक्टर पांघरूण घेऊन झोपलाय. गोठ्यामागे पातं पडलंय. दोघांचं लग्न लावून द्यायला तुला पाद्री हवाय का?"

ओनेझीमने गुळाच्या काकवीत प्लॉय बुडवला. "ते पातं पिकअप ट्रकचं आहे. तीन टनी ट्रकचं. माझा ट्रॅक्टर लहान आहे. त्याच्या तोंडाला ते बांधलं तर मागची चाकं वर येतील."

"मग कापायचं," नादीन म्हणाली.

ती पहिल्यांदाच भिंतीशी न बोलता त्याच्याशी बोलली होती. ओनेझीमने वर पाहिलं.

"कापायचं," तो म्हणाला. "हो. कापता येईल."

दुसऱ्या दिवशी दुपारी बस लावून नादीन थेट शेडमध्ये आली. साखळीने ओढून पातं आत आणलं, गवत झाडलं. ओनेझीमने पात्यावर हात फिरवला. गंज वरवरचा होता, पोलाद धडधाकट होतं.

"पाच फुटांवर कापू," तो म्हणाला. "हलकं होईल."

नादीनने खडू घेतला. सिमेंटच्या जमिनीवर पाच फुटांची रेघ ओढली, मग त्याच मापाची दुसरी रेघ तिरकी काढली आणि तिची समोरून रुंदी मोजली. मग ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांमधलं अंतर मोजलं.

"पातं तिरकं झालं की रुंदी कमी होते," ती म्हणाली. "हे बघा, सव्वाचारच उरते. चाकं साडेचारला आहेत. म्हणजे सारलेल्या वाटेबाहेर चाक, बर्फावर. सहा ठेवलं तर तिरकं होऊनही पाच फुटांच्या वर उरतं. बस वळवताना रोज हाच घोळ असतो, लांबी-रुंदीचा."

ओनेझीमने ती खडूची रेघ परत परत पाहिली. चाळीस वर्षं बटाट्याच्या सऱ्या ओढणाऱ्या माणसाला हे सुचायला हवं होतं. "सहा," तो म्हणाला. "पण दोन्ही बाजूंनी सारखं कापायचं. नाहीतर पातं जिच्यावर फिरतं ती मधली खुंटी एका अंगाला जाईल."

कापायचं काम गॅसच्या ज्योतीने ओनेझीमने केलं. ज्योत जाड पोलादात घालायची असली की हात थोडा हलला तरी चालतं. खरी अडचण पुढे आली.

नादीनच्या मनात होतं, ट्रॅक्टरपुढच्या लोडरच्या, म्हणजे माती उचलायच्या, दोन हातांना बादली असते ती काढायची आणि तिथेच पातं बोल्टने आवळायचं. ओनेझीमने मान हलवली. "ते हात उचलायला केलेत. तू पात्याचा कोपरा दगडावर घातलास की हात पिळवटून निघतील, ओल्या टॉवेलासारखे. जोर पोटातून लागला पाहिजे. ट्रॅक्टरच्या पोटाखाली एक सांगाडा करायचा, तो इंजिनाखालच्या भोकांना आवळायचा आणि पात्यामागचा लोखंडी त्रिकोण त्याला पिनने जोडायचा. ढकलणार पोट. लोडरचे हात फक्त साखळीने पातं वर उचलणार."

"म्हणजे वेल्डिंग."

"म्हणजे वेल्डिंग," ओनेझीम म्हणाला, आणि त्याने दोन्ही हात खिशात घातले.

गेल्या हिवाळ्यापासून त्याचा उजवा हात थरथरायचा. कॉफीचा कप तो भरून घेत नसे. दाढी सकाळी न करता दुपारी करायचा, तेव्हा थरथर कमी असायची. आल्देआला माहीत होतं, ती काही बोलत नव्हती. रेझांला माहीत नव्हतं. वेल्डिंगचा मुखवटा घालून त्याने पहिल्या कोपऱ्याला टाका मारला तेव्हा रॉड नाचला, चिकटला, सुटला, आणि खाली जे जमलं ते कबुतराच्या शिटेसारखं दिसत होतं.

नादीनने मुखवटा वर करून ते पाहिलं. मग त्याच्या हाताकडे पाहिलं.

"मला शिकवा," ती म्हणाली. एवढंच.

ओनेझीमने तिच्या हाती रॉड दिला आणि तिच्या मागे उभा राहिला. "घासू नकोस. काडी पेटवल्यासारखं एकदाच टेकव आणि उचल. हां. आता वितळलेला थेंब दिसतोय का? त्या थेंबाकडे बघ, ठिणगीकडे नको. थेंब दोन्ही कडांना भिजवू दे. भिजवलं? मग सरक. घाई नको... अगं घाई नको, तुला काय बस गाठायचीय?"

"मीच बस आहे," मुखवट्याआडून आवाज आला, आणि ओनेझीमला हसू आलं. बऱ्याच महिन्यांनी.

पहिले दोन दिवस भंगाराच्या तुकड्यांवर गेले. काही ठिकाणी तिने आरपार भोकं पाडली. तिच्या बाहीला ठिणगीने छिद्रं पडली, मनगटावर फोड आला, त्यावर आल्देआने मध लावला आणि नवऱ्याला यथेच्छ शिव्या दिल्या. पण बसमध्ये पन्नास पोरांचा गोंगाट पाठीवर घेऊन जी बाई घसरड्या रस्त्यावर चाक सरळ ठेवते, तिच्या हातात एक शांतपणा होताच. तिसऱ्या दिवशी तिने सांगाड्याचा पहिला खरा कोपरा जोडला. हातोडीने वरची खपली उडवली. खाली एकावर एक चढलेल्या नाण्यांसारखी सारखी रेघ होती.

ओनेझीम खाली वाकून बघत राहिला. त्याच्या बापाने त्याला शिकवलं तेव्हा अशी रेघ यायला त्याला एक अख्खा हिवाळा लागला होता.

"वाईट आहे का?" नादीनने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "पुढचा कोपरा घे."

सांगाडा पोटाखाली बसला, पात्याचा त्रिकोण त्याला जुळला, पिन सरकन आत गेली. आता राहिलं पातं डावी-उजवीकडे फिरवणं. त्यासाठी त्रिकोणाच्या दोन्ही अंगांना तेलाच्या दाबाने सरकणारे दोन लहान सिलिंडर होते, पण ट्रकवर त्यांना विजेचा वेगळा पंप होता. तो पंप रेझां ट्रकबरोबर घेऊन गेला होता.

"मी खुंटीला तीन भोकं पाडतो," ओनेझीम म्हणाला. "डावं, मधलं, उजवं. गल्लीच्या टोकाला उतरायचं, पातं हाताने फिरवायचं, पिन घालायची, परत चढायचं."

नादीन ट्रॅक्टरच्या पुढे उकिडवी बसली होती. लोडरच्या हातांवरून दोन रबरी नळ्या लोंबत होत्या. तिने त्यांतली एक उचलली. "ह्या कसल्या?"

"बादली वाकवायच्या."

"बादली तर काढलीय. म्हणजे ह्या रिकाम्याच. एक डाव्या सिलिंडरला, एक उजव्याला लावली तर? ज्या दांड्याने बादली वाकायची त्याच दांड्याने पातं फिरेल. एकात तेल जाईल, दुसऱ्यातून परत येईल. जागचं उठायलाच नको."

ओनेझीम उलट्या ठेवलेल्या बटाट्याच्या टोपलीवर बसला आणि मांडीवर थाप मारून हसत सुटला. आल्देआ धावत आली, म्हाताऱ्याला काही झालं की काय म्हणून.

"काय झालं?"

"काही नाही. मी गुडघे दुखवत त्या गल्लीत शंभरदा चढ-उतार करणार होतो, आणि ह्या पोरीने मला बसल्या जागी ठेवलं."

"ते मी पण करते रोज, तेव्हा हसत नाहीस," आल्देआ म्हणाली आणि परत गेली.

पहिला मोठा बर्फ शनिवारी पडला. नादीन पहाटेच हॉकीचा संघ घेऊन दूरच्या गावी गेली होती. ओनेझीमने खिडकीतून पाहिलं. मांडीपर्यंत आला होता आणि आता थांबला होता. ती संध्याकाळी येईपर्यंत गल्ली उघडी असली पाहिजे, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने चाकांना साखळ्या चढवल्या, मागे वजनासाठी सिमेंट भरलेला पिंप अडकवला आणि निघाला.

सुरुवात सुंदर झाली. दांडा डावीकडे दाबला की पातं डावीकडे वळायचं, उजवीकडे दाबला की उजवीकडे. बर्फ पुढे साठत नव्हता, कडेने सरकत होता. ओनेझीमला जोर चढला. वळणावर ओढ्याच्या तोंडाशी, जिथे रस्त्याखालून पाणी जायला नळ टाकलाय तिथे, एक दगड बर्फाखाली लपला होता. पात्याचा कोपरा त्यावर आदळला.

पातं अशा वेळी पुढे झुकायला हवं. त्यासाठीच मागे दोन जाड स्प्रिंगा असतात. काही अडलं की त्या ताणतात, पातं नमतं आणि अडथळ्यावरून निघून जातं. पण ह्या स्प्रिंगा हलल्याच नाहीत. पातं उभंच राहिलं आणि ट्रॅक्टरच फिरला. ओनेझीमची छाती स्टिअरिंगवर आपटली. ट्रॅक्टर थांबला तेव्हा पुढचं एक चाक ओढ्यावर अधांतरी होतं.

त्याने इंजिन बंद केलं. हळूच उतरला, बांधावर बसला. वर जाऊन आल्देआला सांगावं, तर ती घरात कोंडून ठेवेल. खाली जावं, तर तिथे बर्फ अजून मांडीपर्यंत होता. बराच वेळ तो तसाच बसून राहिला. अंधारून यायच्या बेताला खालून नादीनची गाडी आली, गल्लीच्या तोंडाशी, न सारलेल्या बर्फापाशी थांबली. तिने दिव्यांच्या उजेडात वर वळणावर अधांतरी ट्रॅक्टर पाहिला.

"पपा!" ती ओरडली. "पपा! कुठे आहात?"

"इथे," ओनेझीम बांधावरून म्हणाला. "जिवंत आहे. ओरडू नकोस, आल्देआला ऐकू जाईल."

ती बर्फ तुडवत त्याच्यापाशी आली, कोटावरून त्याच्या बरगड्या चाचपल्या, "इथे? इथे दुखतं?" असं विचारत राहिली आणि मग रागाने लाल झाली. "थांबता आलं नाही? चार तास थांबता आलं नाही तुम्हाला?"

"तुझ्यासाठी वाट उघडत होतो."

"माझ्यासाठी! आणि तुम्ही त्या ओढ्यात गेला असतात तर? मग ह्या गल्लीत मी कुणाची म्हणून राहायचं? रेझां गेला तेव्हा माझी आई म्हणाली परत ये. बहीण म्हणाली परत ये. मी इथे घरासाठी राहिलेय असं वाटतं तुम्हाला?"

ओनेझीमने तिच्या खांद्यावरचा बर्फ झटकला. तिथे बर्फ फारसा नव्हताच.

"स्प्रिंगा," तो शेवटी म्हणाला.

"काय?"

"स्प्रिंगा ट्रकच्या आहेत. तीन टनांसाठी केलेल्या. माझा ट्रॅक्टर त्याच्यापुढे चिमणी. स्प्रिंग ताणायला जो जोर लागतो त्याच्या आधीच ट्रॅक्टर उडतो. चूक माझी. मला हे दिसायला हवं होतं. एक काढून टाकायची आणि दुसरी सैल करायची."

नादीन रडता रडता हसली. "तुम्हाला आत्ता स्प्रिंगा सुचतायत."

"बसून दुसरं काय करणार होतो?"

तिने घरून चेन-कप्पी आणली, बांधापलीकडच्या जाड मेपलला एक टोक बांधलं, दुसरं ट्रॅक्टरच्या मागच्या कडीला, आणि एकेक खटका ओढत ट्रॅक्टर मागे घेतला. ओनेझीमला कप्पीच्या दांड्याला हात लावू दिला नाही. तो बाजूला उभा राहून बॅटरी धरत होता, आणि ती ज्या धिमेपणाने ओढत होती, थांबून साखळी तपासत होती, पुन्हा ओढत होती, ते बघून छाती दुखत असतानाही त्याला बरं वाटत होतं. आल्देआला दोघांनी सांगितलं, ट्रॅक्टर जरा अडकला होता. आल्देआने ते मानल्यासारखं दाखवलं आणि म्हाताऱ्याच्या छातीवर कापराचं मलम चोळताना इतक्या जोरात चोळलं की तिला सगळं कळलंय हे त्याला कळलं.

डिसेंबरात वादळ आलं ते दोन दिवस थांबलं नाही. तिसऱ्या दिवशी शाळा उघडणार होती. ओनेझीम पहाटे उठून खिडकीशी बसला. खाली शेडचा दिवा लागला, इंजिन गुरगुरलं आणि ट्रॅक्टर बाहेर आला. नादीनने टोपी कानांवर ओढलेली, गळ्यात आल्देआने विणलेला मफलर.

तिने पातं खाली टेकवलं, उजवीकडे तिरकं केलं आणि निघाली. बर्फ पात्यावर चढला, वळला आणि कडेला एका लांब गुंडाळीत पडत गेला. ओनेझीमला ते ओळखीचं वाटलं. आयुष्यभर नांगरामागे माती अशीच उलटून पडताना त्याने पाहिली होती. फक्त ही पांढरी होती आणि दिव्यात चमकत होती.

"ये, बघ," त्याने आल्देआला हाक मारली.

"बर्फ बघितलाय मी."

"बर्फ नाही गं. हिला बघ."

वळणावर नादीन मंदावली. बांधाकडे बर्फ टाकला असता तर दोन वादळांत गल्ली बंद झाली असती. तिने सगळा बर्फ ओढ्यात टाकला. खाली हमरस्त्यापर्यंत गेली, पातं उचललं, वळली, आणि वर येताना दांडा दाबून पातं डावीकडे फिरवलं, म्हणजे बर्फ पुन्हा ओढ्याकडेच. त्या लपलेल्या दगडाशी पातं पुढे झुकलं, दगडावरून निघून गेलं आणि 'खण्' करून जागेवर आलं. ट्रॅक्टरला धक्काही बसला नाही.

"अशी वाट मी नसती काढली," ओनेझीम म्हणाला. "माझ्या भरात असताना सुद्धा."

"हे तिला सांग. मला काय सांगतोस?"

पण सांगायच्या आधी फोन वाजला. रेझां होता. टीव्हीवर वादळाच्या बातम्या बघून त्याला आईबापांची आठवण झाली होती.

"पपा, ठीक आहात ना? गल्ली कोण साफ करतंय?"

"नादीन."

"नादीन? कशाने?"

"ट्रॅक्टरने. पातं बसवलंय त्याला."

"माझं पातं? ते तुमच्या ट्रॅक्टरला बसणारच नाही."

"कापलं."

"माझं पातं कापलं?"

"दोन्ही बाजूंनी."

मग रेझां म्हणाला, "आणि तिला चालवता येतं?"

"तुझ्यापेक्षा चांगलं," ओनेझीम म्हणाला. आवाजात राग नव्हता. हवामान सांगावं तसं त्याने सांगितलं. "तू ये कधीतरी. गाडी थेट दारापर्यंत येईल." आणि फोन आल्देआच्या हातात दिला.

नादीन आत आली ती भुवयांवर बर्फ घेऊन. उभ्या उभ्याच तिने प्लॉय खाल्ला, कॉफी घोट घोट प्यायली. "उजव्या सिलिंडरमधून थोडं तेल गळतंय," ती म्हणाली.

"सील असेल. दुपारी बदलू. नादीन..."

"काय, पपा?"

ओनेझीम कप हातात धरून उभा होता. कप थरथरत होता आणि आज त्याने तो लपवला नाही. "वळणावर फार चांगलं केलंस. मी खिडकीत होतो."

"माहीत आहे," ती म्हणाली. "दिवा दिसत होता." आणि हातमोजे चढवून गाडीकडे पळाली.

ती गेल्यावर ओनेझीम कोट घालून शेडमध्ये गेला. ट्रॅक्टर अजून उबदार होता, पात्यावरचं पाणी टपटपत होतं. तो अवघडून गुडघ्यांवर बसला आणि बॅटरी पोटाखाली मारली. चारही कोपऱ्यांचे जोड शाबूत होते, कुठे केसाएवढी चीर नव्हती. त्याने त्या रेघेवरून अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"आल्देआ!" त्याने हाक मारली. "जरा इकडे ये!"

ती सपाता घालून, शाल ओढून आली. "आता काय? पुन्हा अडकलास?"

"खाली वाक. हे बघ."

"लोखंडात काय बघायचं?" ती म्हणाली, पण त्याच्या खांद्याचा आधार घेत वाकली, आणि तो बॅटरी धरून राहिला तोवर तीही बघत राहिली.